डॉक्टरांच्या हाताला गुण असतो म्हणजे नेमकं काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा: "वडील ७८ वर्षांचे. शुगर, बीपी, आठ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. आई गेल्यावर त्यांना साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे आणलं. इथे मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, पण त्यांचं एकच पालुपद, 'आमच्या डॉक्टरांना विचारून सांगतो.' दर तीन महिन्यांनी गाडी काढून साताऱ्याला न्यावं लागतं. डॉक्टरशी जुनं नातं असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या तब्येतीत खरोखर फरक पडतो, की ही नुसती सवय?"

सवय आहेच. आणि फरकही पडतो. पण तो तुम्हाला वाटतो त्या जागी पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी ३४ वर्षं तालुक्याच्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो. सुरुवातीला दवाखान्यात लहान मुलं जास्त असायची: जुलाब, गोवर, कान फुटणं. आता बाकावर बसलेल्या दहांपैकी सात जण साठीच्या पुढचे असतात. त्यातले बरेचसे तेच आहेत आणि मीही तोच आहे, फक्त सगळ्यांचे केस पांढरे झालेत. म्हणजे या प्रकरणात मी तटस्थ नाही. तुमचे वडील जातात ते माझ्यासारख्याच कुणाकडे तरी.

आधी आकडे. नॉर्वेमध्ये २००१पासून नागरिकाच्या नावावर एक ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना वर्षभराचीच ओळख असलेल्यांशी केली, तेव्हा अवेळी तातडीच्या सेवेकडे धावण्याचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी, अचानक ॲडमिट व्हायचं २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २५ टक्क्यांनी कमी निघालं. इंग्लंडमध्ये ६२ ते ८२ वयाच्या २ लाख ३० हजारांवर लोकांचा अभ्यास २०१७मध्ये छापून आला. ज्यांना बहुतेक वेळा तोच डॉक्टर भेटत होता, त्यांना टाळता येण्याजोग्या कारणांसाठी हॉस्पिटलात कमी वेळा जावं लागलं. २०१८मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र मांडले. त्यातल्या १८ अभ्यासांत डॉक्टर न बदलणाऱ्यांचा मृत्यूदर कमी होता.

यावर हुरळून जाऊ नका. ज्याचं बिऱ्हाड स्थिर आणि तब्येत बरी, तोच माणूस १५ वर्षं एका डॉक्टरकडे टिकतो. संशोधक वय आणि आजार यांचा हिशेब धरतात, तरीही 'नात्यामुळेच जगला' असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवाय आपल्याकडे नॉर्वेसारखी यादी नाही. आपण सकाळी एका दवाखान्यात आणि गुण नाही आला तर संध्याकाळी दुसऱ्यात. पण खुर्चीत बसून मला या आकड्यांच्या पोटात काय घडतं ते रोज दिसतं, ते सांगतो.

'डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असं लोक म्हणतात, तेव्हा त्यांना बहुधा डॉक्टरांचा धीर देणारा स्वभाव म्हणायचा असतो. त्याचाही परिणाम मोजलेला आहे. बॉस्टनला पोटाच्या तक्रारीच्या २६२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २००८मध्ये छापून आला. ॲक्युपंक्चरच्या सुया टोचल्याचा नुसता देखावा केला. काहीच न करता थांबवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना बरं वाटलं, नुसता देखावा केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि त्याच देखाव्याबरोबर उपचार करणाऱ्याने बसून आपुलकीने विचारपूस केली त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. दुखणं, पोट, झोप, छातीतली धडधड यांत धीराचे शब्द काम करतात. मात्र गोड बोलल्याने शुगर उतरत नाही आणि हृदयाच्या नळीतला अडथळा तर नाहीच. म्हणून हा भाग मी लहान धरतो. मोठा भाग वेगळा आहे.

पहिला म्हणजे, पेशंट काय सांगतो.

म्हातारी माणसं बरंच काही सांगत नाहीत. लघवी कपड्यात होते, बाथरूममध्ये दोनदा पडलो, ऐकू येत नाही म्हणून मान डोलावली, हे सांगायची लाज. पैशाचं तर अजिबात नाही. माझ्याकडे एक आजोबा होते, त्यांचं बीपी कधी १७०, कधी १८०. गोळी वाढवायच्या बेतात होतो. निघताना दार उघडता उघडता म्हणाले, "गोळी एक दिवसाआड घेतली तर चालते ना हो? पाकीट पेन्शनपर्यंत पुरवावं लागतं." मुद्द्याची गोष्ट नेहमी दारातच निघते. समजा मी गोळी दुप्पट केली असती आणि पुढे कशाने तरी ते ॲडमिट झाले असते, तर तिथल्या सिस्टरने कागदावर लिहिलंय तसा पूर्ण डोस रोज वेळच्या वेळी दिला असता. बीपी धाडकन खाली, पहाटे उठताना चक्कर आणि खुब्याचं हाड मोडलं. कागदोपत्री कुणाचीच चूक नाही.

दुसरी एक आजी. शुगर काही केल्या आटोक्यात येईना. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांनी इन्सुलिन सुरू केलं, वाढवलं, तरी तेच. चेहरा गोल गरगरीत झालेला, दंडावर निळे डाग. मी तीनदा विचारलं, "दुसरं काही औषध?" तीनदा "नाही". चौथ्यांदा सून बाहेर गेल्यावर पदराच्या गाठीतून एक पुडी काढली. गुडघेदुखीवर एक जण बाजाराच्या दिवशी देतो, दोन वर्षं चालू होती, "तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही." अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असणं काही नवं नाही. ते शुगर वाढवतं, हाडं पोकळ करतं आणि एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. पुढे ते सावकाश कमी करत आणलं, इन्सुलिन निम्म्यावर आलं. तज्ज्ञ माझ्यापेक्षा हुशार होते, यात मला शंका नाही. त्यांना पुडी दिसली नाही इतकंच. आणि पहिल्या तीन वेळा माझ्या चेहऱ्यावर जे काही होतं, त्यामुळे ती मलाही दिसली नव्हती.

संवाद आणि औषधं यांच्या नात्यावर झालेले अनेक अभ्यास २००९मध्ये एकत्र करून पाहिले गेले. ज्यांचा डॉक्टर नीट बोलत नाही, त्यांनी औषधं सांगितल्याप्रमाणे न घेण्याचा धोका १९ टक्क्यांनी जास्त निघाला. मला तो कमीच वाटतो.

दुसरा भाग म्हणजे डॉक्टरची आठवण. हा खरा 'गुण'.

म्हातारपणी आजार पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही. हार्ट ॲटॅकला छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखं होतं. न्यूमोनियाला ताप येईलच असं नाही. लघवीतल्या जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण कधीकधी एवढंच, की आजोबा असंबद्ध बोलायला लागतात. अशा वेळी मशीनपेक्षा आधी एका प्रश्नाचं उत्तर लागतं: हा माणूस एरवी कसा असतो?

माझ्या दवाखान्यात एक पाटी आहे, कंपाउंडरने रंगवलेली: 'सोमवारी दुपारी दवाखाना बंद राहिल.' एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला यायचे आणि दर महिन्याला म्हणायचे, "डॉक्टर, 'राहील'. ही दीर्घ." पाटी मी मुद्दामच बदलली नव्हती. ८१व्या वर्षी एकदा आले, पाटीसमोर बसले आणि गप्प राहिले. मुलगा म्हणाला, "वय झालंय आता, जरा शांत शांत असतात." बीपी उत्तम, ताप नाही, शुगर ठीक. मी त्याच दिवशी रक्त पाठवलं. सोडियम ११८. असायला हवं १३५ ते १४५. तीन आठवड्यांपूर्वी शहरात बीपीसाठी लघवी वाढवणारी एक गोळी नव्याने सुरू झाली होती आणि ती या वयात सोडियम उतरवू शकते, हे सगळ्याच डॉक्टरांना माहीत असतं. 'बाबांचं सोडियम कमी झालं म्हणून ॲडमिट केलंय' हे वाक्य तुम्हीही आजूबाजूला ऐकलं असेल. आणखी दोन दिवस गेले असते तर झटके आले असते. नव्या डॉक्टरने त्यांना तपासलं असतं, तर त्याला एक शांत, सभ्य, वयस्कर गृहस्थ दिसले असते. त्यात त्याची चूक नसती.

वेळेचा मुद्दाही इथेच येतो. ६७ देशांमधल्या तपासणीच्या वेळेचा एक आढावा २०१७मध्ये आला होता. स्वीडनमध्ये एका पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. माझ्याकडेही बाजाराच्या दिवशी तेवढीच मिळतात, खोटं कशाला बोलू. पण ओळखीच्या माणसाची दोन मिनिटं मागच्या वीस वर्षांवर चढलेली असतात. अनोळखी माणसाची दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं.

तिसरा भाग औषधं बंद करण्याचा, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. बीपीच्या एका साध्या गोळीने पायाला सूज येते. ती सूज पाहून दुसरा कुणी लघवीची गोळी लिहितो. लघवीसाठी रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणून झोप नाही, म्हणून तिसरा झोपेची गोळी देतो. झोपेच्या गोळीच्या गुंगीत माणूस रात्री पडतो. मग हाडांचा डॉक्टर, दुखण्याची गोळी, आणि दुखण्याच्या गोळीने किडनी. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरतं बरोबरच लिहिलेलं असतं. गोळी लिहायला ओळख लागत नाही, बंद करायला लागते. कारण "ही नको आता" म्हटलं की पेशंटच्या पोटात भीतीचा गोळा येतो, आणि उद्या काही झालं तर पोरं दारात येऊन विचारतील ही भीती डॉक्टरलाही असते. दोघांचाही एकमेकांवर भरवसा असेल तरच पिशवीतल्या तेरा गोळ्यांच्या सात होतात. शुगरचंही तसंच. ७८व्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी (रिपोर्टवरचं HbA1c) साडेसहावर आणण्याचा अट्टहास बऱ्याचदा घातक ठरतो. आजार दोन-चार असतील तर आठच्या आत पुष्कळ झालं. शुगर थोडी वाढलेली राहण्यापेक्षा रात्री एकदम उतरणं जास्त वाईट. हे पटवून द्यायलाही जुनी ओळखच कामी येते.

आता दुसरी बाजू, कारण ती माझ्याच दवाखान्यात घडली आहे.

एक बाई वीसेक वर्षं माझ्याकडे येत होत्या. सरकारी नोकरीतून निवृत्त, वय बहात्तर-त्र्याहत्तर. दर महिन्याला थायरॉइड, बीपी, दोन घटका गप्पा. हळूहळू मंद झाल्या. चालणं सावकाश, चेहरा उतरलेला. मी म्हणायचो, "गुडघे हो, काकू. आणि थोडं मनाला लावून घेता तुम्ही." नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेल्या, तर सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं. तीन वेळा. मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बँकेला नावं ठेवली. पुढच्या महिन्यात मी दोन आठवडे बाहेरगावी होतो, एक तरुण डॉक्टर माझ्या जागी बसत होता. त्याने त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला सांगितलं. उजवा हात चालताना हलत नव्हता आणि अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं. पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. औषध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत भाकरी थापायला लागल्या. मी त्यांना दर महिन्याला पाहत होतो, म्हणूनच मला दिसलं नाही. रोज पाहणाऱ्याला मूल वाढलेलं कळत नाही, तसंच. त्या अजूनही माझ्याकडेच येतात. यात माझं कौतुक काही नाही. उलट नात्याचा हाच धोका आहे, माणसं माफ करून टाकतात.

आणखी एक. चांगल्या नात्यात पेशंट डॉक्टरला खूश ठेवायला बघतो. "बरं आहे ना?" विचारलं की "तुमच्या कृपेने." म्हणून 'बरं आहे ना' हा प्रश्नच मी सोडून दिला. आता विचारतो, "या महिन्यात कितीदा तोल गेला?" जणू गेलाच असणार. मग आकडा येतो.

तुमच्याविषयीही थोडं, रागावू नका. म्हाताऱ्या पेशंटच्या खोलीत डॉक्टर, पेशंट आणि मुलगा अशी तीन माणसं असतात, आणि बहुधा दोघं तिसऱ्याच्या डोक्यावरून बोलतात. "त्यांना भूक लागते का?" असं मुलाला विचारलं जातं, भूक लागणारा माणूस समोर बसलेला असताना. पुण्यात तुम्ही वडिलांना नव्या डॉक्टरकडे न्याल, तेव्हा पाच मिनिटं बाहेर थांबा. डॉक्टरने नाही सांगितलं तरी थांबा. त्यांना कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरला तसं आधीच सांगा. ओरडून उपयोग नसतो, वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. समोर तोंड करून, खालच्या पट्टीत, सावकाश बोललं की कळतं. कानातला मळ काढून घ्या. निम्म्या 'विसरभोळ्या' लोकांचं दुखणं तिथेच असतं असं मी गमतीने म्हणतो, पण पूर्ण गंमत नाही ती.

आणि "त्यांना सांगू नका हं, डॉक्टर" हे शक्यतो म्हणू नका. कॅन्सरच्या बाबतीत हे मला दर वर्षी ऐकावं लागतं. पेशंटला बहुतेक वेळा कळलेलंच असतं. मग तो मुलांना बरं वाटावं म्हणून न कळल्याचं नाटक करतो, मुलं त्याच्यासाठी करतात आणि मी दोघांसाठी. आयसीयूत न्यायचं का, व्हेंटिलेटर लावायचा का, हे त्याला विचारायची वेळ त्या नाटकात निघून जाते. आपली इच्छा आधी लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये मान्यता दिली आणि २०२३मध्ये ती पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. कागदापेक्षा त्यानिमित्ताने होणारं बोलणं मोलाचं.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मुख्य डॉक्टर पुण्यातला करा. साताऱ्याचा डॉक्टर कितीही जाणता असला तरी रात्री दोन वाजता छातीत दडपल्यासारखं झालं तर त्याचा उपयोग नाही. तेव्हा फोनाफोनी न करता सरळ ते हाकेच्या अंतरावरचं हॉस्पिटल गाठायचं. पण रोजच्यासाठी हॉस्पिटलच्या ओपीडीत दर वेळी जो बसला असेल त्याला दाखवू नका. घराजवळ, वडिलांना पायी जाता येईल असा एक फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन धरा आणि हृदयाचा, डोळ्यांचा, प्रोस्टेटचा प्रत्येक नवा कागद आधी त्याच्यासमोर ठेवा. पहिली भेट आजारपणात नको, तब्येत ठणठणीत असताना घ्या. वजन, बसून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) लिहून घ्यायला सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्ण, तेल, शेजाऱ्याने दिलेलं काहीही एका पिशवीत घालून न्या. तो डॉक्टर पिशवी उलटी करून प्रत्येक पाकीट पाहत नसेल तर दुसरा शोधा. पाहत असेल तर वर्षभर तरी बदलू नका, मग त्याच्या दवाखान्यात गर्दी असो नाहीतर तो फटकळ असो. वर्षातून एकदा मात्र तिसऱ्याच कुणाच्या नजरेखालून घाला, का ते वर आलंच आहे.

साताऱ्याची ओळखही तोडू नका. मार्च २०२०पासून व्हिडिओवर सल्ला घेण्याचे अधिकृत नियम आहेत, जुन्या पेशंटला तो सहज देता येतो. महिन्यातून एकदा वडिलांना त्यांच्याशी बोलू द्या. नव्या डॉक्टरने काही बंद केलं तर "साताऱ्याला विचारलं, त्यांनीही हो म्हटलं" एवढ्याने वडील ती गोळी खरोखर बंद करतील. नाहीतर गुपचूप चालू ठेवतील, मी पैज लावतो.

त्याआधी एकदा स्वतः साताऱ्याला जा. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा २००२चा नियम आहे, पण तो दाखवू नका, चहा घेऊन बसा. त्यांना विचारा, "बाबा एरवी कसे असतात?" आणि ते जे सांगतील ते लिहून घ्या. रागीट आहेत का, दुखणं लपवतात का, कुठल्या गोळीने पूर्वी त्रास झाला, आई गेल्यावर किती वजन उतरलं. हे कुठल्याच फाइलमध्ये नसतं. मग जुना ईसीजी मागून घ्या. अँजिओप्लास्टीनंतरच्या ईसीजीत जे बदल कायमचे राहतात, ते रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरला नवे वाटू शकतात, आणि जुना शेजारी ठेवला की दोन मिनिटांत उलगडा होतो. तो कागद थर्मल असतो, काही वर्षांत पुसट होत जातो. तिथेच फोटो काढून फोनमध्ये ठेवा, तुमच्या आणि वडिलांच्याही.